मदत दाखवू की झाकू?

ते यंत्र मीच निवडलं. हे आधीच सांगून टाकतो, कारण नंतर आमच्या घरात दोष वाटून घ्यायची चढाओढ लागली. बायको म्हणाली, माझं चुकलं. मुलगी म्हणाली, माझं. पण दसऱ्याच्या दिवशी पनवेलच्या दुकानात दोन यंत्रं समोर मांडलेली असताना बोट दाखवलं होतं ते मी.

मी रमाकांत वडके, राहणार पेण. गणपतीच्या मूर्तींचे डोळे काढतो. आमच्या धंद्यात त्याला आखणी म्हणतात. हल्ली मूर्तीच्या अंगाचा रंग यांत्रिक हात मारतात, सोवळ्याची किनार काढतात, दागिन्यांवर सोनेरी चढवतात. डोळेही काढून पाहिले त्यांनी. पण शंभर मूर्तींचे डोळे शंभरदा तेच आले, आणि गिऱ्हाइकं म्हणाली, देव आमच्याकडे बघत नाही हो. तेव्हापासून कारखान्याच्या पाटीवर 'डोळे हातानेच' असं लिहिलेलं असतं. तो हात म्हणजे पस्तीस वर्षं माझा.

मुलगी केतकी नोकरीला पुण्याला गेली आणि घर गप्प झालं. मी आणि बायको, मंजुषा, एकाच सोफ्यावर बसून आपापल्या मोबाइलमध्ये डोकं घालायचो. केतकीला ते बघवेना. तिनं ठरवलं की घरात तिघांनी मिळून खेळायचं यंत्र आणायचं. आम्ही दोघं पेणहून खेळणार, ती पुण्याहून. दिवाणखान्याच्या भिंतीवर पडदा आणि प्रत्येकाच्या हातात पेनाएवढी कांडी, एवढाच त्याचा पसारा.

दुकानात दोनच यंत्रं घेण्यासारखी होती. एकाचं नाव 'आखाडा', दुसऱ्याचं 'सवंगडी'.

"आखाड्यात जो चांगला खेळेल तो जिंकेल," विकणारी मुलगी म्हणाली. "सवंगडीत सगळ्यांना खेळता येईल."

मग तिनं समजावून सांगितलं. आपला हात हलतो तेव्हा कांडीतली चकती सेकंदाला हजार वेळा त्याची जागा टिपते. त्या हालचालीत दोन गोष्टी मिसळलेल्या असतात. एक म्हणजे माणसाला जे करायचं होतं ते, आणि दुसरी, त्याच्या हातून प्रत्यक्षात जे झालं ते. लहान मुलाचा हात भरकटतो, म्हाताऱ्याचा कापतो, नवख्याचा अर्ध्यावर थबकतो. चार डाव निरखून पाहिलं की सवंगडी प्रत्येकाची उणीव शिकतो. ती उणीव भरून काढतो आणि पडद्यावर फक्त माणसाची इच्छा उमटवतो. म्हणून आजी आणि नातू बरोबरीनं खेळू शकतात. आखाड्यात तसलं काही नाही. हात जसा, तशी रेघ.

मी आधी आखाड्यावर बसलो. 'रेघ' नावाचा खेळ होता. पडद्यावर एक वळण दिसून नाहीसं होतं आणि आपण ते हवेत कांडीनं काढायचं. वळणं काढण्यात माझं आयुष्य गेलेलं. मला एकसष्ट गुण मिळाले आणि मंजुषाला शहात्तर.

"हे मशीन गंडलंय," मी म्हणालो.

"हो ना, नाचता येईना अंगण वाकडं," मंजुषा म्हणाली. दुकानातली सगळी हसली. मीही हसलो, पण आतून चांगलाच चिडलो होतो.

मग सवंगडीवर बसलो. पहिल्या डावात सत्तर, दुसऱ्यात ब्याऐंशी, पाचव्यात चौऱ्याण्णव. माझी रेघ पडद्यावर कशी सुरेख वळत होती! मी उठलो आणि म्हणालो, "हेच घ्या. ह्याला हात कळतो."

आता खरं सांगायचं तर मला एवढंच कळलं होतं की ह्याच्यावर मी हरत नाही.

पुढची पावणेदोन वर्षं आमच्या घरातली सगळ्यात सुखाची गेली, हेही कबूल करायला हवं. संध्याकाळी जेवणं लवकर आटपून आम्ही तिघं खेळायचो. केतकी पुण्याहून ओरडायची, मंजुषा कांडी उगारून मला मारायला धावायची. लग्नाला तीस वर्षं झालेल्या बाईला आपण पुन्हा हसवू शकतो, हे मला त्या यंत्रानं दाखवलं.

पण त्याच दिवसांत मी एक गोष्ट बंद केली. आमच्या कारखान्यात जुनी रीत आहे. आखणीवाल्यानं सकाळी मूर्तीला हात लावण्याआधी पाटीवर खडूच्या पाण्यानं डोळ्यांची एक जोडी काढायची आणि जवळ जो असेल त्याला दाखवायची. मग तो शिकाऊ असो नाहीतर माती मळणारा असो. त्यानं बरोबर म्हटलं की मगच कुंचला रंगात बुडवायचा. माझ्या गुरूंनीही ती कधी चुकवली नाही. मी मात्र सवंगडीवर सकाळी दहा मिनिटं 'रेघ' खेळून निघायला लागलो. सत्त्याण्णव, अठ्ठ्याण्णव. एवढा पुरावा खिशात असताना माती मळणाऱ्याचं मत कशाला विचारायचं? पाटी फळीवर धूळ खात पडली आणि मी सरळ मूर्तीसमोर बसू लागलो.

दुसऱ्या वर्षीच्या आषाढातली गोष्ट. कारखान्यात कामाची नुसती झुंबड होती. दुपारी जेवायला घरी निघालो आणि कोपऱ्यापर्यंत गेल्यावर आठवलं की चष्मा राहिला. परत आलो. माझ्या चौरंगावर योगिनी बसली होती. योगिनी जवळच्या जोहे गावची, सहा वर्षं माझ्या हाताखाली शिकलेली. सकाळी मी डोळे काढलेल्या मूर्ती तिच्यापुढे रांगेत होत्या आणि ती माझाच कुंचला घेऊन त्यांच्या पापण्यांची रेघ वाढवत होती.

"काय चाललंय?"

ती उठली.

"माझ्या मूर्तीला हात लावतेस? कधीपासून?"

"गेल्या माघी गणपतीच्याही आधीपासून, काका," ती खाली बघत म्हणाली. "डोले बारीक येतात तुमचे. आधी एवढे नवते येत. आता लई बारीक येतात. गिऱ्हाइकांच्या ध्यानात येऊ नये म्हणून मी..."

"मग मला का नाय सांगितलंस?"

"कसं सांगायचं, काका?"

मला तेव्हा काय सुचावं? मी तिला म्हणालो की तुला माझा चौरंग हवाय. घरचं यंत्र रोज सकाळी अठ्ठ्याण्णव गुण देतंय, ते खोटं आणि तू खरी? कारखान्याचे मालक अनंतभाऊ यांच्यापुढे जाऊन मी तिची तक्रार केली. ते जमिनीकडे बघत नुसते "बरं" म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून योगिनीला अस्तराचा पांढरा रंग द्यायच्या कामावर बसवलं. चार दिवस तिनं ते केलं आणि पाचव्या दिवसापासून ती आलीच नाही.

त्या शनिवारी केतकी घरी आली. जेवताना मी तिला सगळं तावातावानं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बाबा, यंत्रात नोंद असते. तुला किती मदत मिळते ते कळतं. योगिनीला एकदाच दाखवून टाकू, म्हणजे वाद मिटला."

"दाखव की!" मी म्हणालो.

मंजुषा पटकन म्हणाली, "आधी जेवा तरी."

जेवण झालं. केतकीनं पडद्यावर नोंद उघडली. तिच्या नावापुढची रेघ दोन वर्षं जवळजवळ आडवी होती. मंजुषाचीही तशीच. माझी मात्र घाट चढावा तशी चढत गेली होती. दसऱ्याला मदत पंधरा टक्के, पुढच्या गुढीपाडव्याला एकतीस, गेल्या दिवाळीला पन्नास, आणि त्या सकाळी अडुसष्ट.

मग केतकीनं मदत बंद केली आणि कांडी माझ्या हातात दिली. "एकदाच काढ, बाबा."

पडद्यावर वळण आलं, गेलं. मी काढलं. माझ्या हाताला लख्ख जाणवलं की वळण पुरं झालं, टोकापर्यंत गेलं. समोर पाहिलं तर रेघ अर्ध्यात थांबलेली होती. पुन्हा काढलं. हात म्हणत होता झालं, पडदा म्हणत होता अर्धंच. असं सात-आठ वेळा केलं. माझा हात माझ्याशी खोटं बोलतोय, हे माणसाला कसं कळावं?

पनवेलच्या मेंदूच्या डॉक्टरांनी मला चालायला लावलं, बोटं उघडमीट करायला लावली, कागदावर एकच ओळ दहा वेळा लिहायला सांगितली. दहावी ओळ मुंगीएवढी झाली होती. वास नीट येतो का, तेही त्यांनी विचारलं. मंजुषा म्हणाली, "स्वयंपाकघरात दूध करपलं तरी यांना पत्ता नसतो." दोन दिवस तपासण्या झाल्या. त्यानंतर डॉक्टरांनी आम्हा तिघांना समोर बसवलं.

कंपवात हे नाव मी ऐकलं होतं, पण माझा हात कापत नव्हता. डॉक्टर म्हणाले, सगळ्यांचा कापतोच असं नाही. मेंदूच्या तळाशी काही पेशी असतात. हालचाल केवढी मोठी करायची, त्याचं माप त्या राखतात. त्या मरत गेल्या की हालचाल आखडते. अक्षर लहान होतं, पाऊल लहान पडतं, आवाज बारीक होतो. आणि मापच बिघडल्यामुळे माणसाला स्वतःला सगळं पूर्वीसारखंच वाटतं. बाहेरच्या कुणीतरी सांगावं लागतं.

"औषध?" केतकीनं विचारलं.

"चार वर्षांपूर्वी एक आलंय. पेशी मरण्याचा वेग ते निम्म्याहून कमी करतं. पण निम्म्या तरी पेशी शिल्लक असाव्या लागतात, नाहीतर त्याचा उपयोग होत नाही." डॉक्टरांनी तपासणीचा कागद आमच्याकडे वळवला. "यांच्या अडतीस टक्के उरल्यात. साधारण वर्षभरापूर्वी आला असतात तर त्या अटीत बसत होतात. आता जुन्या गोळ्या आणि व्यायाम. त्यानंही बरीच वर्षं चांगली जातील. पण हा आजार थांबणार नाही."

वर्षभरापूर्वी. त्याच्या जरा आधी, गुढीपाडव्यालाच, मदत एकतीस टक्क्यांवर गेली होती. यंत्राला आजार कळत नव्हता, डॉक्टर नव्हतंच ते. पण माझा हात किती कमी पडतोय, हे त्याला रोज दशांशापर्यंत कळत होतं, आणि ते गुपचूप भरून काढत होतं.

गाडीत केतकी संतापली होती. "मी कंपनीवर केस करते. त्यांनी सांगायला नको होतं?"

"त्यांनी विचारलं होतं," मंजुषा म्हणाली.

केतकीनं गाडी रस्त्याच्या कडेला घेतली.

मंजुषा समोरच्या काचेकडे बघत बोलत होती. "पहिल्या दिवशी यंत्र लावलं तेव्हा तुझे बाबा दाराला तोरण बांधत होते. पडद्यावर प्रश्न आला. प्रत्येक खेळाडूच्या नावापुढे, मदत दाखवू की झाकू? मी यांच्या नावापुढे 'झाकू' दाबलं. दुकानात एकसष्ट आले तेव्हा यांचा चेहरा पाहिला होता मी." मग ती माझ्याकडे वळली. "मला तुम्ही हरलेले बघवत नाही हो. किराण्याची यादी बारीक लिहायला लागलात, तेही दिसत होतं मला. म्हटलं, वय झालं. म्हटलं, संध्याकाळी हसतायत ना, मग हसू देत. मी तुमचं वर्ष घालवलं."

तिला रडताना मी फार कमी वेळा पाहिलंय. मला राग यायला हवा होता, आणि आलाही. क्षणभर तर वाटलं की उतरून चालत पेण गाठावं. पण मला दुसरंच आठवलं. योगिनीनं तोंडावर खरं सांगितलं होतं, तिला मी काय दिलं? दुकानात हरल्याबरोबर मी आखाड्याला नापास केलं. खरं बोलणाऱ्या माणसालाही तसंच. मग माझ्या भोवतीची माणसं शिकायचं तेच शिकली. अनंतभाऊ जमिनीकडे बघत होते ते उगाच नाही. सगळ्यांना ठाऊक होतं. सगळा कारखाना माझा सवंगडी झाला होता.

"वर्ष आपण दोघांनी घालवलं," मी मंजुषाला म्हणालो. त्याहून चांगलं काही मला सुचलं नाही.

घरी आल्यावर केतकी यंत्राच्या तारा काढायला लागली. परत करू, आखाडा आणू, म्हणाली. मी तिला थांबवलं. यंत्र तेच राहू दे म्हटलं, फक्त माझ्या नावापुढचं उत्तर बदल. तिनं 'दाखवू' केलं. त्या संध्याकाळपासून मी रेघ काढली की पडद्यावर दोन रेघा येतात. यंत्रानं पुरी केलेली निळी आणि माझी स्वतःची लाल, तोकडी. पहिल्या दिवशी डाव संपल्यावर मी मंजुषाला विचारलं, "कोण जिंकलं?"

तिनं कांडी मांडीवर ठेवली. म्हणाली, "मी. तुम्ही हरलात."

दोघांनाही ते ऐकायची सवय व्हायला बरेच दिवस लागले.

डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट सांगितली होती. आतून जाणारा हुकूम कमी पडतो, पण बाहेरून आला तर हात पुष्कळदा ऐकतो. कुणी ताल धरला, जमिनीवर पट्टे आखले, "मोठं" असं मोठ्यानं म्हटलं, की हुकूम मेंदूतल्या दुसऱ्या वाटेनं जातो. ती वाट अजून शाबूत असते.

श्रावण उतरणीला लागला तेव्हा मी जोह्याला गेलो. योगिनी अंगणात भांडी घासत होती. मला बघून पदराला हात पुसत उभी राहिली, पण "या" म्हणाली नाही. मी उभ्यानंच सांगितलं. आजाराचं नाव सांगितलं, टक्के सांगितले, आणि म्हणालो, "तू खरं बोललीस आणि मी तुला चोर ठरवलं. माफी मागायला आलोय."

तिनं ओसरीवर चटई टाकली. मग म्हणाली, "माजंबी चुकलाच, काका. सुरुवातीलाच सांगाया पायजे होता. तुमी वरडला असता, पन बरा झाला असता. गपचूप डोले सुधारत बसले मी. मना वाटला, गुरूची लाज राखते."

"माझी राखलीस. पण त्यात माझं वर्ष गेलं," मी म्हणालो. "आता ये परत. चौरंग तुझा."

"आनि तुमी?"

"मी शेजारी बसेन."

चतुर्थीला आठ दिवस उरले होते. बाकीच्या मूर्ती अनंतभाऊंनी बाहेरचा आखणीवाला बोलावून उरकल्या होत्या, आखणीच्या बारा राहिल्या होत्या. योगिनी आली, पण चौरंगावर बसेना. म्हणाली, पहिली मूर्ती तुमचीच, नाहीतर मी उठते. शेवटी मी बसलो. अनंतभाऊ, अस्तराच्या पोरी, माती मळणारे, सगळे हातातलं काम टाकून उभे राहिले. मी कुंचला डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यावर टेकवला आणि वरच्या पापणीची रेघ ओढली. हात म्हणाला, झालं.

"नाय झाला, काका," योगिनी मोठ्यानं म्हणाली. "अजून."

मी ओढली.

"अजून. अजून. मोठा करा. अजून. बास."

पस्तीस वर्षांत माझ्या कामावर एवढ्या लोकांदेखत कुणी असं ओरडलं नव्हतं. कानशिलं तापली होती. पण रेघ पुरी झाली होती, आणि ती माझ्याच हातानं ओढली होती. एका जोडीला पाऊण तास लागला. पूर्वी एवढ्या वेळात मी दहा करायचो. संपल्यावर अंग कुणी पिळून काढल्यासारखं झालं. त्या दिवशी माझ्या हातून एवढी एकच झाली, आणि यापुढे वर्षाला एखादीच होईल, हे मला ठाऊक आहे. वाईट वाटतं. रोज वाटतं.

मी उठलो आणि कुंचला योगिनीच्या हातात दिला.

ती दुसऱ्या मूर्तीपुढे बसली. एवढी माणसं भोवती, त्यात मी शेजारी. तिनं श्वास रोखून दोन्ही डोळे काढले आणि माझ्याकडे पाहिलं. सगळे माझ्याकडे पाहत होते. पोरगी महिनाभर अपमान गिळून परत आली होती. तिला बरं वाटावं म्हणून "छान" म्हणणं जिभेच्या टोकावर आलं होतं.

"उजवा डोळा वर चढलाय," मी म्हणालो. "ओला आहे तोवर पुस. पुन्हा काढ."

तिनं पुसला, आणि पुन्हा काढायला घेतला.